वाचकांचे प्रश्न : स्राफा गप्प का राहिला?

प्रश्न : मॅडम, मागच्या अंकात डेव्हिड रिकार्डो या जुन्या इंग्रज अर्थतज्ज्ञाबद्दल लिहिताना तुम्ही त्याच्या ग्रंथांचा संपादक, इटालियन अर्थतज्ज्ञ पिएरो स्राफा याचं भरभरून कौतुक केलंत. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, अर्थशास्त्र हौसेनं वाचतो. मला ते कौतुक पटलं नाही. मुसोलिनीनं स्राफाचा जिवलग मित्र, इटलीतला कम्युनिस्ट नेता अंतोनियो ग्राम्शी याला तुरुंगात सडवलं, आणि त्याच काळात स्राफा केंब्रिजमध्ये बसून शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे कागद चाळत होता. हुकूमशाहीविरुद्ध त्यानं एक पुस्तकसुद्धा लिहिलं नाही. विद्वानानं चारचौघांत बोलायला नको का? खासगी पत्रांत जपलेली मैत्री समाजाच्या काय कामाची?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बोलायला हवंच. आणि स्राफा बोललाही होता, तेही तुमच्याच क्षेत्राबद्दल.

डिसेंबर १९२१ मध्ये इटलीतली ‘बांका इतालियाना दि स्कोंतो’ ही मोठी बँक बुडाली. पहिल्या महायुद्धात तोफा, जहाजं आणि पोलाद बनवून फुगलेल्या अन्साल्दो या कंपनीत तिचा पैसा अडकला होता. कंपनी बँकेची मालकी सांगत होती आणि बँक कंपनीला कर्ज देत होती. हा प्रकार कुठे नेतो हे तुम्हाला मी सांगायला नको. स्राफा तेव्हा तेवीस वर्षांचा. तुरिनमध्ये लुईजी एइनाउदी यांच्याकडे युद्धकाळातल्या चलनवाढीवर प्रबंध लिहून तो लंडनला पुढचं शिकायला गेला होता आणि तिथे त्याची इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सशी ओळख झाली होती. केन्सनं त्याला या बँकेवर लिहायला लावलं. पहिला लेख जून १९२२ च्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आला. दुसरा लेख ‘मँचेस्टर गार्डियन’च्या पुरवणीत डिसेंबर १९२२ मध्ये आला. या दोन लेखांच्या मधल्या काळात, ऑक्टोबरच्या अखेरीस, मुसोलिनी पंतप्रधान झाला होता.

दुसऱ्या लेखानं तो खवळला. स्राफाचे वडील आंजेलो हे व्यापारी कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक आणि मिलानच्या बोक्कोनी विद्यापीठाचे रेक्टर होते. मुसोलिनीनं थेट त्यांना तार केली की मुलाला लेख मागे घ्यायला सांगा. वडिलांनी कळवलं की लेखात आहे ते जगाला माहीत असलेलं आहे, मागे घेण्यासारखं त्यात काही नाही. नव्या सत्ताधीशाला अशी तार उलट धाडणारा बाप फारच थोड्यांच्या नशिबी येतो. पुढच्या महिन्यात, जानेवारी १९२३ मध्ये, स्राफा इंग्लंडला निघाला तर डोव्हर बंदरावर इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला उतरूच दिलं नाही. आल्या पावली परत पाठवलं.

दुसरा प्रसंग १९२४ चा. ग्राम्शीशी त्याची ओळख १९१९ पासूनची होती. ग्राम्शीच्या ‘लोर्दिने नुओव्हो’ या नियतकालिकासाठी तो अनुवाद करून देत असे. एप्रिल १९२४ मध्ये त्यात एका जुन्या वर्गणीदाराचं पत्र छापून आलं. खाली सही फक्त ‘एस.’ अशी. लिहिणारा स्राफा होता. त्याचं म्हणणं असं : कामगारवर्ग आज पूर्ण खचला आहे. या घडीला क्रांतीची भाषा कामाची नाही. प्रश्न स्वातंत्र्याचा आणि कायद्याच्या राज्याचा आहे. आधी लोकशाहीवादी विरोधकांनी मिळून फॅसिस्टांना खाली खेचावं, बाकीचं नंतर. संपादक ग्राम्शीनं त्याच अंकात उत्तर दिलं आणि मित्राची भीडभाड ठेवली नाही. तुमच्या अंगात अजून उदारमतवादी शिक्षणाचे अवशेष आहेत, तुमचं ऐकलं तर पक्षच विसर्जित करावा लागेल, असा त्या उत्तराचा रोख होता. दोन महिन्यांनी समाजवादी खासदार मात्तेओत्ती याचा फॅसिस्टांनी खून केला. स्राफाचं बरोबर होतं की ग्राम्शीचं, यावर अभ्यासक आजही भांडतात. मला स्वतःला स्राफाचं पत्र जास्त शहाणपणाचं वाटतं. पण मैत्री तुटली नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं.

८ नोव्हेंबर १९२६ ला ग्राम्शीला अटक झाली. तो खासदार होता, संसदेचं संरक्षण त्याला होतं, तरी झाली. त्याला आधी उस्तिका बेटावर नेलं. स्राफा त्या वेळी सार्दिनियात, म्हणजे ग्राम्शीच्या जन्मभूमीत, काल्यारी विद्यापीठात प्राध्यापक होता. त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर मिलानमधल्या श्पेर्लिंग आणि कुप्फर या पुस्तकांच्या दुकानात ग्राम्शीच्या नावानं खातं उघडलं. ग्राम्शीनं हवी ती पुस्तकं आणि नियतकालिकं मागवावीत, बिल स्राफा भरणार. मर्यादा नाही. ग्राम्शीच्या तुरुंगातल्या वह्या आज जगभर वाचल्या जातात. त्यांच्यामागे वाचलेल्या पुस्तकांचा जो साठा दिसतो, तो बराचसा या खात्यावरून आलेला आहे. जाहीर सभेतल्या भाषणापेक्षा हे काम कमी आहे असं तुम्ही म्हणाल का?

१९२७ मध्ये केन्सच्या बोलावण्यावरून तो केंब्रिजला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये ग्राम्शीच्या हालांविषयी एक पत्र छापून आलं. खाली सही होती ‘इंग्लंडमधला एक इटालियन’. तेही त्याचंच. नाव दिलं नाही हा तुमचा आक्षेप इथे लागू होतो, पण त्याची जागा बघा. तो दर सुटीत इटलीला जात होता. आईवडील तिथेच होते. कॅसेशन न्यायालयाचे, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाचे, मुख्य न्यायाधीश मारिआनो दामेलिओ त्याचे नातेवाईक होते आणि ग्राम्शीच्या खटल्याची, शिक्षेची, सुटकेच्या अर्जांची आतली माहिती त्यांच्यामार्फत मिळू शकत होती. स्वतःच्या नावानं एक खणखणीत पुस्तक लिहिलं असतं तर तो इंग्रज वाचकांत गाजला असता, आणि हे सगळे दरवाजे एका दिवसात बंद झाले असते. तुरुंगातल्या माणसाला त्या पुस्तकाचा उपयोग शून्य. हा माझा तर्क आहे, पण पुढच्या दहा वर्षांतलं त्याचं वागणं मी त्यावाचून समजूच शकत नाही.

इटलीत राहिलेल्यांची परिस्थिती काय होती तेही लक्षात घ्या. १९३१ मध्ये प्राध्यापकांनी राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी नकार देणारे डझनभर निघाले. स्राफाचे गुरू एइनाउदी यांनी शपथ घेतली. तेच एइनाउदी १९४८ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. विद्यापीठ सोडलं तर मुलं कोणाच्या हाती जातील हा विचार तेव्हा अनेकांनी केला होता. अशा काळात कोण कुठे गप्प बसला हे मोजण्याआधी कोण कुठे काय करत होता हे तपासावं, एवढीच माझी विनंती आहे.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एम.ए. करते. आमच्या पुस्तकात स्राफा-ग्राम्शी पत्रव्यवहाराचा एका ओळीत उल्लेख आहे. तुरुंगातलं प्रत्येक पत्र अधिकारी उघडून वाचत असतील, तर त्यात खरा वैचारिक संवाद होणार कसा? एखादं उदाहरण द्याल का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण मी हा विषय शिकवत असे तेव्हा हा भाग मला कधीच वेळेत बसवता आला नाही. अभ्यासक्रमात स्राफा शेवटच्या दोन तासांत उरकला जायचा.

आधी पत्रांचा रस्ता समजून घे. जून १९२८ मध्ये विशेष न्यायालयानं ग्राम्शीला २० वर्षं, ४ महिने आणि ५ दिवसांची शिक्षा दिली. त्याला इटलीच्या दक्षिणेला बारीजवळच्या तूरी इथल्या तुरुंगात पाठवलं. तिथे त्याला सुरुवातीला पंधरवड्यातून एक पत्र लिहिता येई, पुढे आठवड्याला एक, आणि तेही फक्त घरच्यांना. स्राफा घरचा नव्हता. ग्राम्शीची बायको यूलिया मॉस्कोत आजारी. तिची बहीण तातियाना, जिला सगळे तानिया म्हणत, रोममध्ये सोव्हिएत वकिलातीत काम करायची. मेहुणी म्हणून तिला पत्र लिहिण्याची मुभा होती. माहेरची सगळी माणसं रशियात असताना ती या मेहुण्यासाठी इटलीत राहिली.

मग रस्ता असा ठरला. स्राफा केंब्रिजहून तानियाला लिहायचा. तानिया त्यातला मजकूर आपल्या पत्रात, आपल्या शब्दांत घालून तूरीला पाठवायची. ग्राम्शीचं उत्तर तिला यायचं. ती ते हातानं उतरवून काढायची आणि नक्कल केंब्रिजला धाडायची. स्राफाकडून ती पॅरिसला, इटालियन कम्युनिस्ट पक्षाचा नेता तोल्याती याच्याकडे जायची. एका पत्राला चार वाचक, आणि पाचवा तुरुंगाचा अधिकारी. ग्राम्शीला हे ठाऊक होतं. घरगुती तक्रारी, औषधं, लोकरी मोजे यांच्यामध्ये तो ‘पिएरोला विचार’ असं एखादं वाक्य टाकायचा आणि तिथून खरा विषय सुरू व्हायचा.

आता उदाहरण. १९३१ च्या ऑगस्टमध्ये ग्राम्शीला रक्ताच्या उलट्या झाल्या. त्यानंतर त्याची उमेद ओसरत चालली होती. स्राफाला ते पत्रांच्या नकलांवरून दिसत होतं. १९३२ च्या वसंतात बेनेदेत्तो क्रोचे या तत्त्वज्ञाचा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा इतिहास नुकताच प्रसिद्ध झाला होता. क्रोचे फॅसिस्टविरोधी, पण देशात एवढा मान असलेला की मुसोलिनीनं त्याला हात लावला नाही. त्याचं पुस्तक उघड विकलं जात होतं. स्राफानं तानियाला सुचवलं की या पुस्तकावर तुलाच टिपण हवं आहे असं लिही, आणि ग्राम्शीला काही मुद्दे कळवायला सांग. तानियानं तसं लिहिलं. एप्रिल ते जून या काळात ग्राम्शीनं एकापाठोपाठ एक पत्रांतून क्रोचेची अशी झाडाझडती घेतली की आजही ती पत्रं स्वतंत्र निबंधासारखी वाचता येतात. त्यातला एक मुद्दा तुझ्या वर्गात मांडण्यासारखा आहे. क्रोचेचा इतिहास १८१५ पासून सुरू होतो. ग्राम्शी विचारतो, फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनची युद्धं वगळून एकोणिसाव्या शतकाच्या युरोपचा इतिहास लिहिता येतो का? संघर्षाचा काळ गाळायचा आणि सगळं स्थिरस्थावर झाल्यावरची शांतता तेवढी सांगायची, असा इतिहास कोणाच्या सोयीचा असतो? हे वाचताना तुरुंगाच्या अधिकाऱ्याला दिसलं ते एका प्रसिद्ध पुस्तकाचं परीक्षण. फॅसिझमचं नावही त्यात घ्यावं लागलं नाही.

त्याच ओघात ३० मेच्या पत्रात ग्राम्शीनं पिएरोसाठी प्रश्न धाडला. रिकार्डोच्या विचारपद्धतीवर कुणी काही लिहिलंय का? आणि रिकार्डोला तत्त्वज्ञानाच्या इतिहासात जागा आहे का? ग्राम्शीचा अंदाज होता की आहे. अर्थव्यवहारात ‘कल’ दाखवणारे नियम असतात, अमुक मानलं तर तमुक घडतं, ही रिकार्डोची रीत मार्क्सला मिळाली आणि तिथून नवी तत्त्वदृष्टी घडली असावी, असं त्याला वाटत होतं. रिकार्डोच्या समग्र ग्रंथांच्या संपादनाचं काम स्राफाकडे १९३० मध्येच आलं होतं. जगात त्या क्षणी या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याच्याइतका लायक माणूस नव्हता.

जूनमध्ये स्राफानं उत्तर दिलं, आणि ते मला थक्क करतं. रिकार्डोचं असं काही तत्त्वज्ञानात्मक महत्त्व ठरवणं अवघड आहे, तो इतिहासाच्या अंगानं विचार करणाराच नव्हता, तो मुळात शेअर बाजारातला दलाल होता आणि त्याचं बाकीचं वाचन-शिक्षण बेताचंच होतं. मित्र एकांतात आहे, आजारी आहे, एक कल्पना त्यानं मोठ्या आशेनं पुढे केली आहे, आणि हा तिच्यावर पाणी ओततो! सहानुभूतीपोटी ‘वा, छान मुद्दा आहे’ एवढं लिहिणं किती सोपं होतं. स्राफानं ग्राम्शीला रोग्यासारखं वागवलं नाही, बरोबरीच्या अभ्यासकासारखं वागवलं. आठ वर्षांपूर्वी ‘एस.’ला ग्राम्शीनं जसं वागवलं होतं तसंच. हुकूमशाही माणसाभोवती होयबा गोळा करते आणि कैद्याभोवती कीव. या दोघांनी एकमेकांना त्यातलं काहीच दिलं नाही. मुली, संशोधनात तुला असा एक तरी मित्र मिळो.

आणि हेही लक्षात ठेव की त्याच मार्च १९३२ मध्ये स्राफानं ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये हायेक या अर्थतज्ज्ञाच्या भांडवल आणि पैशाविषयीच्या पुस्तकाचा समाचार घेतला होता. तो लेख आजही पैशाच्या सिद्धांतावरच्या वादांत काढला जातो. म्हणजे एकाच ऋतूत हायेकशी जाहीर वाद, रिकार्डोचे कागद, आणि तानियामार्फत क्रोचे. ‘त्या काळात स्राफानं काही केलं नाही’ असं कुणी वर्गात म्हणालं तर हा हिशेब पुढे ठेव.

पत्रांची दुसरी बाजूही सांगते, म्हणजे तुला ती निव्वळ गोड गोष्ट वाटणार नाही. १९२८ च्या सुरुवातीला, खटल्याआधी, मिलानच्या सान व्हित्तोरे तुरुंगात ग्राम्शीला पक्षाचा पुढारी रुजेरो ग्रिएको याचं पत्र मिळालं. त्यात राजकारणाच्या गोष्टी इतक्या मोकळेपणानं लिहिल्या होत्या की ग्राम्शीचं पक्षातलं स्थान त्यावरून सहज कळावं. चौकशी करणारा न्यायाधीश त्याला म्हणाला, तुम्ही बरीच वर्षं आत राहावं असं वाटणारे मित्र तुम्हाला आहेत. हा काटा ग्राम्शीच्या मनातून शेवटपर्यंत निघाला नाही. स्राफाला त्या पत्रात कपट दिसलं नाही, निष्काळजीपणा दिसला. पण तुरुंगात बसलेल्या माणसाला कपट आणि निष्काळजीपणा यांतला फरक कसा पटवायचा? एकेक वाक्य पुन्हापुन्हा वाचायला त्याच्याकडे वर्षं पडलेली असतात.

प्रश्न : ग्राम्शीमुळेच स्राफाचं अर्थशास्त्र घडलं, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे कितपत खरं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इतकं सरळ नाही. तारखा पाहिल्या की व्याख्यात्यांचा उत्साह थोडा आवरावा लागतो. केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ मार्शल याच्या पुरवठ्याच्या सिद्धांतावर स्राफानं पहिला घाव घातला तो १९२५ मध्ये, इटालियन लेखात. त्याचा इंग्रजी अवतार डिसेंबर १९२६ मध्ये, ग्राम्शीच्या अटकेनंतर महिन्याभरानं आला. ‘प्रॉडक्शन ऑफ कमॉडिटीज बाय मीन्स ऑफ कमॉडिटीज’ या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकाची पहिली सूत्रं केन्सनं १९२८ मध्येच वाचली होती, असं स्राफानं स्वतः प्रस्तावनेत नोंदवलं आहे. पुस्तक बाहेर आलं १९६० मध्ये. त्या प्रस्तावनेत गणितातल्या मदतीबद्दल रॅम्झी, वॉटसन आणि बेसिकोविच यांचे आभार आहेत, ग्राम्शीचं नाव नाही.

त्या पुस्तकातली पहिली आकडेमोड इथे देते, म्हणजे त्याच्या विचाराचा पोत दिसेल. एक समाज दोनच वस्तू बनवतो, गहू आणि लोखंड. २८० क्वार्टर (धान्याचं जुनं इंग्रजी माप) गहू आणि १२ टन लोखंड वापरून ४०० क्वार्टर गहू पिकतो. १२० क्वार्टर गहू आणि ८ टन लोखंड वापरून २० टन लोखंड निघतं. वर्षाअखेर गहूवाल्यांकडे सगळा गहू, लोखंडवाल्यांकडे सगळं लोखंड. पुढच्या वर्षी दोघांना पुन्हा काम सुरू करायचं असेल तर अदलाबदल कोणत्या भावानं व्हावी? कागदावर मांडा, एकच उत्तर येतं : एक टन लोखंडाला दहा क्वार्टर गहू. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडी नाहीत, मागणीचा वक्र नाही, सीमांत उपयुक्तता (आणखी एका नगापासून मिळणारं समाधान) नाही. काय खपलं, काय निघालं, आणि समाजाला उद्या पुन्हा उभं राहायला काय लागतं, एवढंच. वस्तूंचे भाव माणसाच्या मनात शोधण्याऐवजी उत्पादनाच्या घडणीत शोधायचे, ही त्याची दिशा.

इथे ग्राम्शीची आठवण येते हे खरं आहे. समाज स्वतःला पुन्हापुन्हा कसा उभा करतो हा दोघांचाही मूळ प्रश्न होता आणि तुरिनच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत दोघांनी तो एकत्र घोळवला असणार. अमर्त्य सेन ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना स्राफा त्यांचे मार्गदर्शक होते. सेन यांनी २००३ मध्ये एका लेखात आणखी एक धागा पकडला आहे. केंब्रिजमध्ये स्राफाच्या सततच्या टीकेमुळे तत्त्वज्ञ विटगेनश्टाइननं आपली भाषेविषयीची आधीची मतं सोडली. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’च्या प्रस्तावनेत त्यानं हे ऋण जाहीर मानलं. सेन यांनी विचारलं तेव्हा स्राफाला ते मुद्दे फारसे नवे वाटत नव्हते. ग्राम्शीच्या वर्तुळात शब्दाचा अर्थ लोकांच्या व्यवहारातून येतो हे गृहीतच धरलेलं असे. म्हणून एवढं म्हणावं : ग्राम्शीनं स्राफाला समीकरणं दिली नाहीत, पण कुठला प्रश्न विचारण्याजोगा आहे याची जाण दोघांची एकत्र घडली. याहून पुढचा दावा मी करणार नाही.

प्रश्न : ग्राम्शीच्या सुटकेसाठी स्राफानं प्रत्यक्ष काय केलं? आणि त्या वह्या वाचल्या कशा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्ज, डॉक्टरांचे अहवाल, दामेलिओंकडे खेटे, परदेशी वर्तमानपत्रांत वाचा फोडणं. मुसोलिनीकडे दयेची याचना करायला ग्राम्शी तयार नव्हता, त्यामुळे प्रत्येक अर्ज कायद्याच्या कलमांवरच उभा करावा लागे. १९३३ च्या अखेरीस त्याला फॉर्मियाच्या दवाखान्यात हलवलं, ऑक्टोबर १९३४ मध्ये सशर्त सुटका मिळाली, १९३५ मध्ये रोमच्या क्विसिसाना दवाखान्यात आणलं. या दोन ठिकाणी स्राफा त्याला भेटू शकला. शेवटची भेट मार्च १९३७ मध्ये झाली. २७ एप्रिलला ग्राम्शी गेला, वय ४६.

तेहतीस वह्या तानियानं दवाखान्यातून हलवल्या आणि सोव्हिएत वकिलातीमार्फत त्या मॉस्कोला पोचल्या. ग्राम्शीच्या मृत्यूचा सविस्तर वृत्तान्त तिनं पत्रानं स्राफाला कळवला. त्या वह्यांचं काय करायचं हेही तिनं त्यालाच विचारलं. १९४७ मध्ये तुरुंगातली पत्रं छापून आली आणि त्यांना इटलीतला व्हियारेज्जो पुरस्कार मिळाला. तानिया तेव्हा हयात नव्हती, १९४३ मध्येच सोव्हिएत संघात ती वारली. या सगळ्या गोष्टीत तिच्या नावानं एकही ग्रंथ नाही, पण ती नसती तर आज आपण कशावर बोलत होतो?

मिरजेच्या वाचकांसाठी इथेच एक भर घालते. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारनं शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्राफाला आइल ऑफ मॅन या बेटावर स्थानबद्ध केलं. केन्सनं खटपट करून त्याला सोडवलं. केंब्रिजची ऊबही त्याला विनाअट मिळाली नव्हती.

प्रश्न : आमच्या भागाशी या माणसाचा काही संबंध? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आहे, आणि चांगला घट्ट आहे. कृष्णा भारद्वाज, माहेरच्या चंदावरकर, १९३५ साली कारवारला जन्मल्या. शिक्षण तुमच्या बेळगावात आणि पुढे मुंबईत रुइया कॉलेज व मुंबई विद्यापीठात झालं. स्राफाचं पुस्तक आल्यावर मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’चे संपादक सचिन चौधरी यांनी ते परीक्षणासाठी या तरुण बाईंच्या हाती दिलं. १९६३ मध्ये छापून आलेलं ते परीक्षण केंब्रिजमध्ये वाचलं गेलं आणि स्वतः स्राफाला पसंत पडलं. शंभर पानांच्या त्या अवघड पुस्तकावर जगभर जे लिहिलं गेलं त्यात मुंबईतून आलेला हा लेख अगदी पहिल्या काहींतला. भारद्वाज पुढे केंब्रिजला गेल्या, स्राफाशी त्यांचा स्नेह जुळला. दिल्लीला जेएनयूमध्ये अर्थशास्त्राचं केंद्र उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९९२ मध्ये त्या गेल्या. आपल्याकडे त्यांच्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. हे कुणी तरी मनावर घ्यायला हवं, आणि ते बेळगावातून झालं तर मला फार आनंद होईल.

वाचनाची सुरुवात ग्राम्शीच्या तुरुंगातल्या पत्रांपासून करा, त्यातही १९३२ ची आधी. स्राफानं तानियाला लिहिलेली पत्रं १९९१ मध्ये इटालियनमध्ये प्रसिद्ध झाली आहेत. ती भाषा येत नसेल तर ग्राम्शीच्या पत्रांच्या इंग्रजी आवृत्तीतल्या टिपांमध्ये त्यातलं बरंच सापडतं. मग स्राफाच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, कागद-पेन्सिल घेऊन. ते अगदी छोटं आहे आणि त्यातल्या गणिताला आठवीपुढचं काही लागत नाही. त्यानंतर भारद्वाजांचं परीक्षण काढा. ‘इकॉनॉमिक वीकली’चे जुने अंक मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जपलेले असतात. १९६३ चा ऑगस्ट मागा.